जमवणे

जमवणे (जुन्या लेखनात जमविणे) म्हणजे माणसे, पैसा, सामान किंवा माहिती ठिकठिकाणांहून एकत्र आणणे. हे 'जमणे'चे प्रयोजक रूप आहे. जमा, जमाव, जमात या सोबतच्या शब्दांत अरबी मूळ उघड दिसते.

जमणे आणि जमवणे यांत एका 'व'चा फरक, पण तो फार बोलतो. 'सभेला गर्दी जमली' म्हटले की लोक आपणहून आले. 'गर्दी जमवली' म्हटले की कोणीतरी गाड्या पाठवल्या असणार, असा वास येतो. बातम्यांत हा टोमणा नेमका वापरला जातो. कायद्याच्या मराठीत नाम 'जमाव' चालते. समान बेकायदा उद्देशाने एकत्र आलेल्या पाच किंवा अधिक व्यक्ती म्हणजे बेकायदा जमाव. 'जमावबंदी'चे जुने कलम 144 लोकांच्या तोंडी इतके बसले आहे, की 1 जुलै 2024 पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते 163 झाले तरी बोलण्यात 144च येते.

जमवण्यात थोडे-थोडे करून गाठणे असते. घर घेणारा काही बचत मोडतो, काही उसने घेतो, उरलेल्यासाठी कर्ज काढतो; तेव्हा त्याने पैसे 'जमवले'. तिजोरी उघडून एकदम काढले तर ते जमवणे नव्हे. यात धावपळ आली की 'जमवाजमव'. साठवणे पुढच्यासाठी असते. माणसे 'जमवतात' ती बहुधा एखाद्या कामापुरती, 'जोडतात' ती कायमची.

हिंदीत बर्फ जमतो, दहीही जमते. मराठीत पाणी गोठून बर्फ होतो आणि दही लागते. उलट 'मला पोहणं जमतं' हा साधण्याचा अर्थ मराठीत रोजचा. इथे क्रियापद 'मला'कडे पाहत नाही, जे जमते त्याच्यामागे जाते: मला पोहणं जमतं, कविता जमते, विनोद जमतात. 'यायला जमणार नाही' हा तर मराठीतला सर्वांत सभ्य नकार. कारण न सांगताही चालतो.

'जमवून घेणे' म्हणजे न पटणाऱ्याशी निभावणे, 'जमवून आणणे' म्हणजे अडलेले काम खटपटीने तडीस नेणे. आणि 'दोघांनी आधीच जमवलं होतं' यात कर्म गाळलेले असते, तरी काय जमवले हे कोणी विचारत नाही.