सायकलच्या हँडलची खोळ : पार्श्वभूमी

गावातून शहराकडे पायी निघालेला माणूस थंडीत हात घोंगड्यात घेऊन चालत असे. सायकल आली आणि हात हँडलला अडकले. हात गारठू नयेत म्हणून हँडलच्या मुठीवर चढवायच्या कापडी खोळीचा विषय तिथूनच सुरू होतो, त्याआधीच्या काळात रेंगाळण्याचे कारण नाही.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. जानेवारीत किमान तापमान सरासरी १४ अंशांच्या आसपास असते, एखाद्या लाटेत १० च्याही खाली जाते. उत्तरेकडच्या माणसाला हे किरकोळ वाटेल. उचगाव, बेळगुंदी, येळ्ळूर, कडोली या आसपासच्या गावांतून पहाटे कॅरिअरला दुधाच्या किटल्या लावून निघणाऱ्यांना ते किरकोळ नव्हते. वाऱ्यामुळे जाणवणाऱ्या थंडीचे २००१ पासून वापरात असलेले सूत्र लावले, तर १० अंशांत ताशी १५ किलोमीटरने जाणाऱ्याला ८ अंशांची थंडी लागते. म्हणजे वाऱ्याचा फरक दोनच अंशांचा. बोटे बधिर व्हायची ती दवाने आणि लोखंडाने.

त्या काळच्या काळ्या, २८ इंची सायकलींना रॉड ब्रेक असे. मुठींना रबर असे, ब्रेकच्या दांडीला काहीच नसे. दांडी मुठीखालून समांतर जाते, त्यामुळे बोटे सारा रस्ता गार पोलादाला टेकलेली. थंडीत शरीर पोटातली ऊब राखण्यासाठी बोटांकडचे रक्त आखडते घेते, आणि उरलीसुरली ऊब पोलाद ओढून घेते. म्हणून मला सर्वांत शहाणपणाचा वाटणारा घरगुती उपाय हाताला नव्हे, दांडीला होता. पंक्चरच्या दुकानातून फाटकी ट्यूब आणायची, बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापायच्या आणि दांडीवर ताणून गुंडाळायच्या. खर्च काहीच नाही.

दुसरा उपाय खोळीचा, आणि या शब्दाने फार गोंधळ केला आहे. आपल्याकडे खोळ म्हणजे उशीचा अभ्रा. खोळ म्हणजे पावसात गोणपाटाचा किंवा घोंगड्याचा एक कोपरा दुसऱ्यात खुपसून डोक्यावर घेतात तीही. हँडलवर चढवतात तीही खोळच. दुकानदार तिला हँडल कव्हर म्हणतो, शाळेतली मुले सरळ हातमोजे म्हणतात, आणि मग मोज्याबद्दलचा सल्ला खोळीला लावला जातो. मोजा हाताबरोबर येतो, खोळ सायकलवरच राहते. मोज्यात बोटे वेगवेगळी असतात, खोळीत पाचही एकत्र राहून एकमेकांना ऊब देतात. रतीब घालताना घरोघरी माप हातात घ्यावे लागते. तिथे मोजे काढण्याघालण्यात वेळ जातो आणि ते दुधाने भिजतात. खोळीतून हात नुसता बाहेर येतो. दूधवाल्यांनी मोजे सोडून खोळ धरली ती यासाठी.

वाद झाला तो ब्रेकवरून. दांडी खोळीच्या आत घ्यायची की बाहेर ठेवायची? बाहेर ठेवणारे म्हणत, सायकल घसरली तर हात अडकता कामा नये, आणि ब्रेक डोळ्यांना दिसला पाहिजे. आत घेणारे म्हणत, बाहेरची दांडी दवाने भिजते, ब्रेकसाठी बोटे बाहेर काढावी लागतात, आणि गारठलेला माणूस ते काढायला उशीर करतो. सुरुवातीच्या गोणपाटाच्या खोळी मनगटाशी सुतळीने आवळलेल्या असत, त्यांत हात खरोखर अडकत. आमच्या भागातल्या एका शाळेने तर खोळी लावून यायलाच बंदी केली. बंदी सरसकट होती, हे चुकले. दोष आवळलेल्या तोंडाचा होता. स्पोकचा तुकडा गोल वाकवून, टोके मुडपून तोंडाच्या शिवणीत घातला की तोंड उघडे राहते आणि हात झटक्यात निघतो. माझ्या मते प्रश्न तिथे सुटला. दांडी बाहेरच ठेवणारे आजही आहेत, आणि त्यांची भीती खोटी नाही.

कापड ज्याच्या त्याच्या धंद्यातून आले. धनगरी घोंगड्याचा तुकडा सर्वांत चांगला, कारण लोकर ओलसर झाली तरी ऊब धरून राहते. अस्तराला वडगाव-शहापूरच्या मागांवरच्या चिंध्या. उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत पहिल्या पाळीला जाणारे कारखान्यातलेच सुती मोजे घालून निघत. धुक्याच्या दिवशी ते सर्वांत वाईट. सूत दव पिते, आणि ते वाळताना हाताची ऊब जाते. त्यावर दुधाची रिकामी पिशवी चढवली की वारा अडतो, पण चढावर घाम आतच राहतो.

पुढे दूध मोपेडवर गेले आणि रेक्झिनची तयार कव्हरे आली. सायकलचा प्रश्न मात्र संपला नाही. कर्नाटक सरकारने २००६-०७ पासून आठवीच्या विद्यार्थ्यांना मोफत सायकली द्यायला सुरुवात केल्यावर तो पुन्हा उभा राहिला, आणि या वेळी मुलींसमोरही. त्यांच्या आयांनी जुन्या स्वेटरच्या बाह्या कापल्या. मनगटाची आवळ पट्टी हँडलच्या नळीवर बसते, दंडाकडचे रुंद तोंड हातासाठी मोकळे राहते. स्पोक घालायची गरजच उरली नाही. विणीतून वारा येतो, त्यासाठी आत खताच्या पोत्यातले प्लास्टिक. ही खोळ मला सर्वांत पूर्ण वाटते.

२०२० च्या टाळेबंदीनंतर गिअरच्या सायकली वाढल्या. गिअरचे खटके बोटांशी आल्याने जुनी खोळ अपुरी पडते. काहीजण गोड्या तेलाचा ५ लिटरचा कॅन उभा चिरून त्याचे अर्धे मुठींपुढे बांधतात. वारा अडतो, हात मोकळे राहतात, आणि ब्रेक आत की बाहेर हा वाद बाजूला पडतो. खानापूरच्या बाजूला धुके उतरते त्या दिवशी मात्र कॅनमागचे हातही ओले होतात. नव्या सायकलींची दांडी अ‍ॅल्युमिनियमची, तीही तितकीच गार. तिच्यावर आजही ट्यूबची पट्टीच गुंडाळावी लागते.