आठशे म्हणजे नक्की कोणती?

साताऱ्याहून मामांचा फोन आला, "येताना एट हंड्रेडचा एअर फिल्टर आण." पुण्यात नाना पेठेत गाड्यांच्या पार्ट्सची दुकानं ओळीने आहेत. त्यातल्या एकात शिरलो आणि फिल्टर मागितला. काउंटरमागच्या पोराने मोबाइलमधून मान न काढता विचारलं, "मारुती का अल्टो?"

"एट हंड्रेड," मी म्हटलं.

"काका, तेच विचारतोय. अल्टोपण एट हंड्रेड आहे. आणि मारुती असेल तर कार्बोरेटर का एमपीएफआय?" म्हणजे इंजिनात पेट्रोल सोडायची जुनी यांत्रिक सोय, का नवी कंप्युटरवाली?

मामांची गाडी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर त्यांची १९९४ची पांढरी मारुतीच येते. छातीठोकपणे "कार्बोरेटर" म्हणालो आणि मधे भोक पाडलेल्या थालीपिठासारखा गोल फिल्टर घेऊन साताऱ्याला पोचलो. मामांनी बॉनेट उघडलं ते अल्टोचं. पांढरी मारुती शेडमध्ये ताडपत्रीखाली झोपली होती, तिला काहीच नको होतं.

चूक माझीच, पण एकट्याची नाही. जुन्या लोकांच्या तोंडी "मारुती" म्हणजे मारुती ८००. व्हॅन असेल तर "मारुती व्हॅन" असं वेगळं सांगायचे. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींनी दिल्लीत पहिल्या गिऱ्हाइकाला किल्ली दिली ती या गाडीची. १९८६ साली तिचा साचा बदलला आणि आपल्या सगळ्यांच्या आठवणीतली चौकोनी डबी आली. तीच पुढे १८ जानेवारी २०१४ पर्यंत कारखान्यातून निघत राहिली.

अल्टो आपल्याकडे आली सप्टेंबर २०००मध्ये, नुसती अल्टो म्हणून. तिच्या नव्या अवताराला "अल्टो ८००" हे नाव मिळालं ऑक्टोबर २०१२मध्ये. म्हणजे सव्वा वर्ष दोन्ही आठशे एकाच वेळी तयार होत होत्या! त्यातही गंमत अशी की एप्रिल २०१०पासून १३ शहरांत भारत स्टेज ४चे धुराचे नियम लागले आणि तिथे जुनी मारुती नवी मिळेनाशी झाली. त्यात मुंबई, पुणे आणि सोलापूर होतं, सातारा नव्हतं. मामांनी २०१३मध्ये अल्टो घेतली तेव्हा पुण्यातल्या माणसाला जुन्या मारुतीचा पर्यायच नव्हता. मामांना होता, तरी त्यांनी अल्टोच घेतली. का, तर "एक आहे की घरात."

नावातला ८०० हा आकडा इंजिनाचा. दोन्हींत तीन सिलिंडर, दोन्ही ७९६ सीसी. ओम्नीत, म्हणजे मारुती व्हॅनमध्येही तेवढंच इंजिन, पण तिला आठशे म्हणायचं कुणाच्या मनात आलं नाही. मात्र सीसी सारखे म्हणून इंजिन सारखं असं नाही. मामांच्या मारुतीत प्रत्येक सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह, अल्टोत चार. हवा आत घ्यायला आणि धूर बाहेर टाकायला जास्त दारं, त्यामुळे त्याच ७९६ सीसीतून मारुती चाळीसच्या आत हॉर्सपॉवर काढते आणि अल्टो ४७-४८पर्यंत जाते. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो. चार माणसं आणि डिकीत आंब्याची पेटी घेऊन खंबाटकी चढा, मग बोला. मारुतीत घाट लागला की मामा न बोलता एसी बंद करायचे आणि आम्ही न बोलता काचा खाली करायचो. अल्टोतही मामा एसी बंद करतात, पण आता ती नुसती सवय आहे.

सकाळी गाडी सुरू करतानाच फरक कळतो. थंडीत जुन्या मारुतीचा चोक ओढायचा, म्हणजे हवा कमी आणि पेट्रोल जास्त. मग किल्ली फिरवायची, इंजिन भुरभुरलं की चोक थोडा थोडा आत ढकलायचा. घाई केली तर बंद, ओढून ठेवला तर पेट्रोलचा वास घरभर. हे काम मामा दुसऱ्या कुणाला देत नसत. एमपीएफआय आलं आणि पेट्रोल किती सोडायचं हे कंप्युटर ठरवू लागला. अल्टोत किल्ली अर्धी फिरवली की मागच्या बाजूला पेट्रोलचा पंप क्षणभर घूं करतो, बस्स. मला ते फारच सपक वाटतं, पण डिसेंबरात सकाळी सहाला निघायचं असेल तर मीही अल्टोच काढीन.

मापाचं म्हणाल तर मारुतीची लांबी ३३३५ मिलिमीटर, २०१२च्या अल्टो ८००ची ३३९५. फरक जेमतेम चार बोटं. पण पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २१७५ आणि २३६०, म्हणजे जवळजवळ वीतभर जास्त. ती वीत मागे बसणाऱ्याच्या गुडघ्यांना मिळते. मामी अल्टोत खूश का, हे मला त्या वितीवरून कळलं. मारुतीत त्या मामांच्या मागे कधीच बसत नसत.

"जुनी ती जुनी, पत्रा दणकट" असं कुणी म्हणू लागलं की मी गप्प बसतो. जानेवारी २०१४मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने पाच भारतीय छोट्या गाड्या आपटून पाहिल्या, त्यात अल्टो ८००ला मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. बाकी चौघींनाही शून्यच. तिच्याहून हलकी, त्याहून जुन्या काळातली मारुती त्या भिंतीवर गेली असती तर काय झालं असतं, याची कल्पना न केलेली बरी.

वंशावळ काढायला गेलात तर आणखी गुंता. आपल्या मारुतीचे दोन्ही साचे, १९८३चा आणि १९८६चा, मूळ जपानी सुझुकी अल्टोचे. म्हणजे जिला आपण अल्टोपेक्षा वेगळी म्हणतो ती जन्माने अल्टोच! आणि आपली मारुती झेन युरोपात गेली तीही "अल्टो" नावाने. तेव्हा जुनी गाडी घेताना नावावर जाऊ नका, आरसी बुकावर मॉडेल काय लिहिलंय ते वाचा आणि बॉनेट उघडा. पार्ट घ्यायला जाताना तर जुना पार्ट हातात घेऊनच जा.

संध्याकाळी मामांबरोबर अल्टोतून जवळच्या लिंब गावाला गेलो. मारुतीला चार गिअर, अल्टोला पाच. मधे काही काळ पाच गिअरची मारुतीही निघाली होती, पण मामांची चारचीच. हायवेवर सत्तरची स्पीड आली, इंजिन गुरगुरत होतं, मामांचा हात गिअरवरून हलेना. शेवटी मी म्हटलं, "मामा, पाचवा टाका की."

"राहू दे," मामा म्हणाले, "एट हंड्रेड चौथ्यातच बरी पळते."