पार्श्वभूमी : सीमाभागातील बचत आणि तिच्यामागचे कायदे

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी या पट्ट्यात दीर्घ मुदतीच्या गुंतवणुकीची चर्चा आता शेअर बाजार आणि म्युच्युअल फंडांपासून सुरू होते. परंतु इथल्या मराठी घरांत पैसा साठवण्याची सवय सोसायटी (म्हणजे सहकारी पतसंस्था), भिशी, सोने आणि पिग्मी (रोज थोडी रक्कम भरायची ठेव) यांतून घडली आहे, आणि त्या सवयीचे बळ आणि उणीव या दोन्हींचे मूळ तिच्या इतिहासात सापडते.

1904 साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला आणि पुढच्याच वर्षी आजच्या गदग जिल्ह्यातील कणगिनहाळ येथे देशातील आरंभीच्या सहकारी पतसंस्थांपैकी एक उभी राहिली. तेव्हा हा सारा प्रदेश बेळगावसह मुंबई इलाख्यात होता. या चळवळीचा हेतू शेतकऱ्याला सावकाराच्या व्याजातून सोडवणे हा होता. बचत हा तिचा मूळ उद्देश नव्हे. सभासदाने संस्थेचा भाग (शेअर) घ्यायचा, ठेव ठेवायची, ती पेरणीला किंवा लग्नकार्याला कर्ज मिळावे म्हणून. बचत अशी कर्जाच्या पोटी जन्मल्यामुळे तिची नजर पुढच्या हंगामापलीकडे क्वचितच गेली. वीस वर्षांनंतरच्या म्हातारपणासाठी पैसा बाजूला काढणे ही कल्पना सोसायटीच्या व्यवहारात फारशी रुजली नाही, याचे कारण माझ्या मते लोकांच्या उधळपट्टीत शोधणे अन्यायाचे आहे.

पिग्मी आली ती किनाऱ्याकडून. उडुपीच्या कॅनरा इंडस्ट्रियल अँड बँकिंग सिंडिकेटने, म्हणजे पुढच्या सिंडिकेट बँकेने, 1928 साली ही योजना सुरू केली. एजंट रोज दारात येई आणि दोन आण्यांइतकी लहान रक्कमही घेई. रोजची कमाई रोज हातात पडणाऱ्या दुकानदाराला आणि भाजीवाल्याला ही रीत इतकी मानवली की पुढे सहकारी बँकांनी आणि सोसायट्यांनीही ती उचलली. सोन्याचा मार्ग त्याहून जुना आहे. 1948 पर्यंत सांगली संस्थानात असलेले बेळगावचे शहापूर विणकरांसाठी आणि सराफांसाठी ओळखले जाई. अडीअडचणीला दागिना गहाण टाकता येतो, हा हिशेब तिथल्या घरांना कोणी शिकवावा लागला नाही.

1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. सीमाप्रश्नाची चर्चा भाषेची होते आणि ते रास्तच आहे, पण ठेवीदाराच्या दृष्टीनेही त्या दिवसानंतर बरेच बदलले. सहकारी संस्था 1959 च्या नव्या राज्य कायद्याखाली आल्या, 1997 च्या सौहार्द कायद्याने सरकारी हस्तक्षेप कमी असलेल्या सहकारी संस्थांचा दुसरा प्रकार निर्माण केला, आणि कोल्हापूर व बेळगाव अशा दोन्ही बाजूंना सभासद असणाऱ्या संस्थांसाठी 1984 चा आणि नंतर 2002 चा बहुराज्य कायदा आला. म्हणजे एकाच गल्लीतल्या तीन पाट्यांमागे तीन वेगळे कायदे असू शकतात.

यातून निघणारा सर्वांत महत्त्वाचा भेद ठेव विम्याचा, म्हणजे बँक बुडाल्यास ठेवीदाराला ठरावीक मर्यादेपर्यंत पैसे मिळण्याच्या हमीचा आहे. 1962 साली हा विमा सुरू झाला तेव्हा मर्यादा 1,500 रुपये होती; 1993 साली ती 1 लाख आणि फेब्रुवारी 2020 मध्ये 5 लाख झाली. तो व्यापारी बँकांना आणि सहकारी बँकांना लागू आहे. पतसंस्था, सौहार्द सोसायटी किंवा बहुराज्य पतसंस्था यांच्या ठेवींना नाही. दारात येणारा एजंट ओळखीचा असतो, पावती सारखीच दिसते, व्याज तर सोसायटीत अनेकदा जास्तच मिळते, त्यामुळे आयुष्यभराची पुंजी कुठे ठेवली आहे याची चौकशी लोक करत नाहीत. ही चौकशी व्याजदराच्या आधी व्हायला हवी, असे मला मनापासून वाटते.

दीर्घ मुदतीचा हिशेब किती वेगळा असतो, हे साध्या आकड्यांतून दिसते. रोज 50 रुपये म्हणजे वर्षाला 18,250. पिग्मीत साठलेली रक्कम वर्षअखेरीस काढून सणाला किंवा शाळेच्या फीला वापरला जातो आणि पुढच्या वर्षी पुन्हा शून्यापासून सुरुवात होते. तीच रक्कम दर वर्षाच्या आरंभी, 1968 साली सुरू झालेल्या सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत 15 वर्षे भरली आणि 7.1 टक्के दर कायम राहील असे धरले, तर भरलेल्या 2,73,750 रुपयांचे सुमारे 4,95,000 होतात.

या भागात सक्तीची दीर्घ बचत मोठ्या संख्येने ज्यांच्या वाट्याला आली, त्यांत निपाणीच्या विडी कामगार स्त्रिया होत्या. 1977 साली कर्मचारी भविष्य निर्वाह निधीचा कायदा विडी उद्योगाला लागू झाला, आणि घरी बसून विड्या वळणाऱ्यांनाही तो लागू होतो हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 साली मान्य केले. याच कायद्याखालच्या 1995 च्या पेन्शन योजनेत दहा वर्षांची सेवा भरल्यावर निवृत्तिवेतनाचा हक्क मिळतो. 2014 पासून त्याची किमान रक्कम महिना 1,000 रुपये आहे. ती तुटपुंजी आहे, यात शंका नाही. तरीही मजुरीतून कापलेला आणि मालकाने भर घातलेला निधी व हे निवृत्तिवेतन मिळवण्यासाठी त्या बाईला सेवेची वर्षे, नाव आणि जन्मतारीख यांची नोंद अचूक असावी लागते, आणि माहेरचे नाव एका कागदावर व सासरचे दुसऱ्यावर असले की दावा तिथेच अडतो.