धावपट्टीचं बिल कसं ठरतं: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार.

कराड, बारामती किंवा कोल्हापूरला आपलं विमान उतरायचं ठरलं की परवानगीच्या पत्रापासून शेवटच्या पावतीपर्यंतची सगळी धावपळ आमच्याकडे असते. चार्टर कंपन्या (अख्खं विमान भाड्याने देणाऱ्या), फ्लाइंग स्कूल, साखर कारखाने, हॉस्पिटलं असे आमचे ग्राहक. विमान उडून गेलं की काही दिवसांनी बिल पोहोचतं आणि मग फोन येतो, "अहो, तासभर थांबलो, त्याचे एवढे पैसे?" प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर फोनवर घाईत देता येत नाही आणि घाईत दिलेलं उत्तर कुणाला पटत नाही. म्हणून सगळं एकदा कागदावर मांडतो आहोत. आपल्या अकाउंट्सच्या माणसालाही हे वाचायला द्या, बिल शेवटी त्यांच्याच टेबलावर जातं.

विमान आलं नाही तरी होणारा खर्च

छोट्या विमानतळाचा बहुतेक खर्च विमानांच्या संख्येवर ठरत नाही. दिवसात एक विमान येवो की दहा, कुंपणावर पहारा लागतोच. रोज सकाळी धावपट्टीवरून जीप फिरवून खडी, तुटका डांबराचा पोपडा, मेलेला पक्षी, शिरलेलं कुत्रं बघावं लागतं. पावसाळ्याआधी भेगा भरायच्या आणि दोन्ही बाजूंच्या चऱ्या मोकळ्या करायच्या, नाहीतर पाणी कडेने आत मुरून पट्टी खचते. पाऊस उघडला की गवत कंबरेएवढं होतं. गवतात किडे, किड्यांमागे पक्षी आणि पक्षी इंजिनात गेला तर काय होतं ते आपल्याला सांगायला नको. ऊसतोड सुरू झाली की आजूबाजूच्या रानातून पक्ष्यांचे थवे उठतात, तेव्हा पाखरं हाकलायला वेगळा माणूस ठेवावा लागतो. उतरण्याच्या वाटेत झाड वाढलं किंवा टॉवर उभा राहिला तर त्याचा पाठपुरावा वेगळाच.

सगळ्यात जड खर्च अग्निशमनाचा. विमानाची लांबी आणि धडाची रुंदी यांवरून अग्निशमनाची श्रेणी ठरते. नऊ मीटरपेक्षा आखूड विमान पहिल्या श्रेणीत, बारा ते अठरा मीटरचं तिसऱ्या श्रेणीत. सेस्ना १७२ साधारण ८.३ मीटर लांब आहे, किंग एअर बी-२०० साधारण १३.३ मीटर. म्हणजे प्रशिक्षणाच्या विमानासाठी जी तयारी पुरते ती आपल्या चार्टर विमानासाठी पुरत नाही. श्रेणी वाढली की पाणी वाढतं, फोम वाढतो, बंब मोठा लागतो, त्यावर शिकलेली माणसं जास्त लागतात. बंब वर्षभर जागेवरून हलला नाही तरी ती माणसं पाळीवर हजर असावी लागतात. मोठं विमान छोट्या विमानापेक्षा जास्त पैसे का देतं, याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

हा खर्च कुणीच उचलला नाही तर काय होतं ते सांगलीकरांना माहीत आहे. कवलापूरची धावपट्टी वर्षानुवर्षं विमानांविना पडून आहे. पट्टी एकदा वापरातून गेली की ती परत उभी करणं हे नव्याने बांधण्याइतकंच अवघड होऊन बसतं. कराडची पट्टी तेराशे मीटरच्या आतली, आखूड असली तरी ती चालू आहे याचं मोल आम्हाला फार वाटतं आणि ती चालू राहावी म्हणून शुल्क वेळेवर भरलं जावं, असं आम्ही प्रत्येक ग्राहकाला आग्रहाने सांगतो.

लँडिंग शुल्क: कागदावरचं वजन

कारखान्याच्या काट्यावर गाडी भरलेली मोजतात, रिकामी मोजतात आणि फरकाचे पैसे होतात. विमानाचं तसं नाही. त्या दिवशी आत दोन माणसं होती की आठ, टाकी भरलेली होती की अर्धी, याचा लँडिंग शुल्काशी संबंध नाही. विमानाच्या प्रमाणपत्रावर उड्डाणाचं जे कमाल वजन लिहिलेलं असतं तेच धरतात, तेही जवळच्या पूर्ण टनात. किंग एअर बी-२०० चं कमाल वजन ५,६७० किलो, म्हणून बिलात ६ टन. सेस्ना १७२ चं सुमारे १,१५७ किलो, म्हणून १ टन. रिकामं विमान फक्त न्यायला आलं असलं तरी बिल तेच.

म्हणून बुकिंगच्या वेळी आम्ही विमानाचा नोंदणी क्रमांक आणि वजनाच्या प्रमाणपत्राची प्रत मागतो. ती आली नाही तर पट्टीच्या कार्यालयातला माणूस त्या जातीच्या विमानाचं सगळ्यात मोठं वजन धरतो आणि नंतर दुरुस्ती करून घ्यायला पत्रव्यवहार करावा लागतो. एक प्रत आधी पाठवली की हे सगळं टळतं.

पार्किंग: इथेच बिल फुगतं

लँडिंगचा आकडा आधीच कळतो. पार्किंगचा आकडा आपल्या मीटिंगवर अवलंबून असतो, म्हणून हा भाग जरा सावकाश वाचा.

भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या पद्धतीत पहिले दोन तास मोफत असतात. पुढचे दोन तास साधा दर आणि त्यानंतर दुप्पट. दर ताशी आणि टनी असतो, अर्धा तास झाला तरी पूर्ण तास धरतात. चाक टेकल्यापासून उभं राहीपर्यंत पंधरा मिनिटं आणि निघताना उड्डाणाच्या टोकापर्यंत जायला पंधरा मिनिटं, अशी अर्ध्या तासाची सूट मिळते. बहुतेक छोट्या ठिकाणी हिशेब याच धर्तीवर होतो, दर मात्र ठिकाणागणिक वेगळे.

आता एक उदाहरण घेऊ. किंग एअर दुपारी साडेतीनला उतरलं. साहेबांची कारखान्यावर मीटिंग, पाचला निघायचं ठरलेलं. मीटिंग लांबली, जेवणाचा आग्रह झाला, गाडी परत यायला साडेसहा वाजले. रात्रीच्या दिव्यांची सोय नसलेल्या पट्टीवर सगळा व्यवहार उजेडातला. नजरेच्या भरवशावर होणारं उड्डाण सूर्यास्तानंतर वीस मिनिटांपुढे करता येत नाही. हिवाळ्यात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे विमान रात्रभर तिथेच.

सकाळी आठला उड्डाण झालं असं धरू. साडेतीन ते आठ म्हणजे साडेसोळा तास, त्यातून अर्धा तास वजा, उरले सोळा. हिशेब सोपा जावा म्हणून दर ताशी टनी १० रुपये धरू (हा खरा दर नाही, फक्त उदाहरणापुरता आहे). सहा टनांचे तासाला ६० रुपये. पहिले दोन तास मोफत. पुढचे दोन तास ६० प्रमाणे १२० रुपये. उरलेले बारा तास दुप्पट, म्हणजे १२० प्रमाणे १,४४० रुपये. एकूण १,५६०, त्यावर १८ टक्के जीएसटी २८० रुपये ८० पैसे. हेच विमान ठरल्याप्रमाणे पाचला निघालं असतं तर पार्किंग शून्य.

यात धुकं धरलेलं नाही. डिसेंबर-जानेवारीत कृष्णा-कोयनेच्या काठाने सकाळी धुकं उतरतं आणि कधीकधी दहाशिवाय निघत नाही. त्या दोन जादा तासांचाही दर दुप्पटच. पायलटचा मुक्काम आणि विमानाजवळचा पहारा वेगळा. हिवाळ्यात दुपारची भेट असेल तर आम्ही आग्रहाने सांगतो की सकाळी अकराच्या सुमारास उतरा आणि चारच्या आत निघा. रात्रीच्या पार्किंगला काही ठिकाणी सवलत असते. ती आपल्याला लागू असेल तर बुकिंग करतानाच कळवू.

फ्लाइंग स्कूलसाठी

व्यावसायिक पायलटच्या परवान्यासाठी २०० तासांचं उड्डाण लागतं आणि त्यातला बराच वेळ एकाच पट्टीवर पुन्हा पुन्हा टेकून उडण्यात जातो. प्रत्येक टेकण्याला शुल्क लावलं तर शिकणारा मुलगा किंवा मुलगी पैसे वाचवायला फेऱ्या कमी करते. ज्या गोष्टीचा सराव सगळ्यात जास्त हवा तिथेच हात आखडला जातो. हे आम्हाला मुळीच मान्य नाही. प्राधिकरणाच्या विमानतळांवर मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थांच्या विमानांना लँडिंग शुल्क माफ आहे आणि ते बरोबर आहे. राज्य सरकारच्या किंवा खासगी पट्टीवर करार करताना आम्ही स्कूलच्या वतीने एकच मागणी लावून धरतो: फेरीमागे पैसे नकोत, महिन्याची किंवा वर्षाची ठरावीक रक्कम हवी, त्यात हँगर (विमान ठेवायची शेड) आणि अ‍ॅप्रनची (विमानं उभी करायच्या आवाराची) जागा धरलेली असावी. पट्टीच्या मॅनेजरलाही यात फायदा असतो. पगार आणि गवतकापणी दर महिन्याला असते, तर येणारी रक्कमही दर महिन्याला ठरलेली बरी.

दर कोण ठरवतं

मोठ्या विमानतळांचे दर विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरण ठरवतं. त्याचा कायदा २००८ चा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर वर्षाला ३५ लाखांहून जास्त प्रवासी असलेला विमानतळ मोठा धरला जातो. आपल्या भागातल्या छोट्या पट्ट्या या हिशेबात बसत नाहीत. तिथे पट्टी चालवणारी यंत्रणा नियमांच्या चौकटीत आपलं दरपत्रक काढते, म्हणून दोन शेजारच्या जिल्ह्यांतही दर वेगळे दिसतात.

दर वाढवून तोटा भरून निघेल असं काही मॅनेजरांना वाटतं. आमचं मत उलट आहे आणि ते आम्ही त्यांना समोरासमोर सांगतो. कराडचा दर फार चढला तर चार्टर कोल्हापूरला उतरतं आणि तिथून मोटारीने येतं. विमान गेलं, पहाऱ्याचा खर्च मात्र राहिला. पट्टीचा कायमचा खर्च हँगरच्या भाड्यातून, जागेच्या भाड्यातून, स्कूलच्या करारातून निघायला हवा. लँडिंग शुल्क माफक ठेवावं, दरपत्रक वर्षाच्या सुरुवातीला जाहीर करावं आणि मध्येच बदलू नये. नगरपालिका किंवा एखादी संस्था पट्टी चालवायला घेणार असेल तर त्यांच्यासाठी खर्चाचा तक्ता आम्ही मांडून देतो.

"कोल्हापूरचं रोजचं विमान लँडिंग शुल्क देत नाही, मग आम्ही का?" हाही नेहमीचा प्रश्न. भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या विमानतळांवर नियमित देशांतर्गत सेवेतल्या ८० पेक्षा कमी आसनांच्या विमानाला लँडिंग शुल्क माफ आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या उडान योजनेच्या फेऱ्यांना लँडिंग आणि पार्किंग दोन्ही माफ. सामान्य माणसाला तिकीट परवडावं म्हणून ती सवलत आहे. चार्टर नियमित सेवेत मोडत नाही, त्यामुळे ती आपल्याला लागू होत नाही. हेलिकॉप्टरला मात्र प्राधिकरणाच्या विमानतळांवर लँडिंग शुल्क नाही. हेलिकॉप्टरने येणार असाल तर ते वेगळं कळवा.

बिल हातात आल्यावर

वजन प्रमाणपत्राशी जुळवा, वेळ पायलटच्या नोंदवहीशी जुळवा. कंट्रोल टॉवरची सेवा जिथे विमानतळ प्राधिकरण देतं, तिथे हवाई मार्गदर्शनाचं शुल्क वेगळं येतं आणि ते प्राधिकरणाकडेच जातं. इंधनाच्या मापावर विमानतळाने लावायचं शुल्क केंद्र सरकारने जानेवारी २०२० मध्ये सगळ्या विमानतळांवर आणि धावपट्ट्यांवर बंद केलं आहे. तशी ओळ कुठे दिसली तर पैसे भरू नका, आम्हाला लगेच सांगा. टीडीएस कापताना हे पैसे जागेचं भाडं म्हणून धरू नयेत. लँडिंग आणि पार्किंगचे पैसे म्हणजे जमिनीचं भाडं नव्हे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली दिला आहे. आपल्या सीएंना तो माहीत असेलच.

विमानतळाचं शुल्क आम्ही जसंच्या तसं लावतो, मूळ पावती बिलाला जोडलेली असते, त्यावर एक रुपयाही चढवत नाही. आमचं हाताळणी शुल्क खाली वेगळ्या ओळीत असतं आणि ते बुकिंगच्या वेळी लेखी कळवलेलं असतं. पेशंट घेऊन येणाऱ्या किंवा न्यायला आलेल्या विमानाला आमचं हाताळणी शुल्क नाही. त्या वेळी कागदांसाठी कुणाला थांबवतही नाही, ते नंतर गोळा करतो.

बिलावर हरकत असेल तर ती पंधरा दिवसांत लेखी कळवा, सोबत नोंदवहीच्या पानाचा फोटो जोडा. छोट्या पट्टीवर येण्या-जाण्याची नोंद हाताने होते, जुनं पान शोधायला वेळ जातो. हरकत खरी निघाली तर पट्टीच्या कार्यालयातून दुरुस्त पावती आणण्याचं काम आमचं, त्यासाठी वेगळे पैसे घेत नाही.