फॉल्ट नव्हताच, तरी लाइन ट्रिप झाली

जुलै २०१२ मधला ब्लॅकआउट महाराष्ट्रात फारसा कुणाला आठवत नाही, कारण आपली लाइट गेलीच नव्हती. ३० तारखेला पहाटे अडीचच्या सुमारास अख्खं उत्तर ग्रिड (तिकडच्या राज्यांना जोडणारं विजेचं जाळं) बसलं, ते दुपारपर्यंत कसंबसं उभं केलं, आणि ३१ ला दुपारी एक वाजता उत्तर, पूर्व आणि ईशान्य असे तीनही ग्रिड एकदमच गेले. साठ कोटींच्या वर लोकांचा भाग, दिल्ली मेट्रो बंद, रेल्वे जागेवर उभ्या, बंगालमध्ये खाणकामगार लिफ्ट बंद पडल्यामुळे खालीच अडकलेले. टीव्हीवर त्या आठवड्यात एकच चर्चा, कुठल्या राज्याने जास्त वीज ओढली. राज्यांची ती चूक होतीच, पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त भारी वाटते. दोन्ही दिवशी सुरुवात झाली ती ४०० केव्हीची (किलोव्होल्टची) बीना-ग्वाल्हेर लाइन ट्रिप झाल्यामुळे, म्हणजे आपोआप बंद पडल्यामुळे, आणि त्या लाइनवर फॉल्ट (बिघाड) नव्हताच! ना तार तुटली, ना झाड पडलं, ना इन्सुलेटर फुटला.

मग ट्रिप का झाली? तर रिलेमुळे, म्हणजे फॉल्ट ओळखून लाइन बंद करायला सांगणाऱ्या यंत्रामुळे. लाइनच्या टोकाला सबस्टेशनमध्ये जो डिस्टन्स रिले असतो त्याला लाइन दिसत नाही, त्याला फक्त दोन गोष्टी कळतात, व्होल्टेज किती आणि करंट किती, आणि तो व्होल्टेजला करंटने भागतो. जो आकडा येतो त्यावरून फॉल्ट किती लांब आहे ते ठरवतो. ४०० केव्हीच्या तारेचा साधारण किलोमीटरला ०.३ ओहम धरा, म्हणजे २०० किलोमीटरच्या लाइनच्या पार टोकाला शॉर्ट झालं तर रिलेला ६० ओहम दिसणार. पहिल्या ८० टक्के लाइनीत फॉल्ट असेल तर तो वाट बघत नाही (हा झोन एक), ब्रेकर (लाइन तोडणारा मोठा स्विच) उघडून फॉल्ट बाजूला व्हायला एकूण १०० मिलिसेकंदांपेक्षा जास्त लागू नयेत असा नियम आहे. त्यापुढे झोन दोन, थोडा थांबून. आणि झोन तीन म्हणजे बॅकअप, पुढच्या लाइनचा रिले झोपला तर आपण सांभाळायचं म्हणून, त्याची नजर आपली लाइन अधिक पुढची लाइन अशी लांबवर, पण तो सेकंदभर थांबतो.

आता गंमत बघा. समजा झोन तीन ११० ओहमपर्यंत लावलाय. रोजच्या दिवशी लाइनीत १००० अँपिअर आहेत, फेजचं (एका तारेचं) व्होल्टेज ४०० भागिले १.७३ म्हणजे २३१ केव्ही, भागाकार २३१ ओहम, रिले शांत. लोड वाढून २००० अँपिअर झाला आणि लोडमुळेच व्होल्टेज ४०० वरून ३७० केव्हीवर बसलं की फेजला साधारण २१४ केव्ही, भागाकार १०७ ओहम! रिलेच्या हिशोबाने दूर कुठेतरी शॉर्ट झालंय, सेकंदभर थांबला आणि उघडला ब्रेकर. (करंट व्होल्टेजच्या किती मागे आहे तेही रिले बघतो, फॉल्टला खूप मागे आणि लोडला थोडा, पण सेटिंग मोकळं ठेवलं असेल तर तोही फरक वाया जातो.) याला लोड एन्क्रोचमेंट म्हणतात, म्हणजे लोडच रिलेच्या हद्दीत घुसतो. रिले बिघडलेला नव्हता, दिलेल्या सेटिंगप्रमाणेच वागला.

बरं, एक लाइन गेली म्हणून एवढं होतं का? एरवी नाही होत. पण तेव्हा तिची जोडीची दुसरी सर्किट (समांतर लाइन) ७६५ केव्हीच्या कामासाठी बंद होती, पश्चिमेकडे पाऊस असल्याने मागणी कमी आणि वीज शिल्लक, उत्तरेत उकाडा आणि ओढ जास्त, त्यामुळे पश्चिम-उत्तर रस्त्याचा मुख्य भार या एकाच लाइनवर. ती गेल्यावर वीज लांबच्या वाटेने, पूर्वेकडून वळसा घालून उत्तरेत जायला लागली. इथे स्टॅबिलिटीचा, म्हणजे ग्रिड स्थिर राहण्याचा, प्रश्न येतो. ग्रिडवरचे सगळे जनरेटर लेझीमच्या पथकासारखे एका ठेक्यात फिरतात, औष्णिक केंद्रातला दोन पोलचा जनरेटर मिनिटाला ३००० फेरे, म्हणजेच ५० हर्ट्झ. पाठवणारी बाजू घेणाऱ्या बाजूपेक्षा थोडी पुढे असते, त्या कोनामुळेच तर वीज वाहते, पण रस्ता जितका लांब तितका तेवढ्याच विजेसाठी कोन जास्त लागतो आणि ९० अंशांच्या पुढे गेलं की कोन वाढवूनही वीज वाढत नाही, उलट कमी होते, मग ठेका सुटतो. याला पॉवर स्विंग म्हणतात, आणि स्विंगमध्येही व्होल्टेज पडतं, करंट वाढतो, की बाकीच्या रिलेंनाही फॉल्टच दिसायला लागतो. धडाधड लाइनी सुटल्या.

३० ला उत्तर एकटं पडलं. ३१ ला स्विंगचं केंद्र पूर्वेत सरकलं आणि पूर्वही सोबत गेलं. तुटलेल्या भागात लोड जास्त, निर्मिती कमी, फ्रिक्वेन्सी (तो ५० हर्ट्झचा ठेका) घसरली. अशा वेळी अंडर-फ्रिक्वेन्सी रिलेंनी आपोआप फीडर (गावा-वस्त्यांना वीज देणाऱ्या लाइनी) कापायचे असतात, थोडं लोडशेडिंग करून बाकीचं वाचवायचं, पण कागदावर होतं तेवढं लोड प्रत्यक्षात कापलंच गेलं नाही. आपली बाजू, म्हणजे पश्चिम ग्रिड, वाचली कारण आपल्याकडे उलटं, वीज उरली, फ्रिक्वेन्सी ३१ ला ५१ च्याही वर गेली, ती आटोक्यात आणणं तुलनेने सोपं. दक्षिण तर तेव्हा फक्त डीसी जोडणीने जोडलेली होती (तिथे ठेका जुळवावा लागत नाही), त्यामुळे तीही वाचली. ती एसीने जोडली गेली ३१ डिसेंबर २०१३ ला, रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही लाइनवरून.

चौकशी समितीने देशभर प्रोटेक्शन ऑडिट करा, झोन तीनची सेटिंग तपासा असं सांगितलं. पण फ्रिक्वेन्सी घसरल्यावर लोड कापायला उशीर झाला किंवा कमी कापलं की काय होतं ते पुढे मुंबईनेही बघितलं. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा-खारघर भागातल्या ४०० केव्हीच्या लाइनी एकामागून एक गेल्या, १९८१ पासून असलेली मुंबईची आयलंडिंग स्कीम (संकटात शहराला बेटासारखं वेगळं करून वाचवायची योजना) चालू झाली, शहर ग्रिडपासून सुटं झालं, पण आतली निर्मिती आणि उरलेलं लोड यांचा मेळ बसला नाही आणि बेटही काही मिनिटांत बसलं.