घोटा बरा झाला म्हणे, मग पाय अजून दगा का देतो?

शाळेत मी खो-खो खेळायचो. दहावीत असताना खांब धरून वळसा घालताना उजवा पाय पहिल्यांदा मुरगळला, घोटा संध्याकाळपर्यंत टम्म फुगला, आईने आंबेहळद उगाळून गरम लेप लावला, वर जुन्या ओढणीची पट्टी गच्च बांधली आणि आठ दिवसांत सूज उतरली. नवव्या दिवशी मी परत ग्राउंडवर. सर म्हणाले, पळता येतंय ना, मग झालं की. त्यानंतर तोच पाय किती वेळा मुरगळला याचा हिशोब मी ठेवलेला नाही, मॅचमध्ये तर मुरगळलाच पण बसमधून उतरताना, फुटपाथच्या कडेला, आणि एकदा लग्नाच्या मांडवात सपाट सतरंजीवर, जिथे अडखळायला साधा खडासुद्धा नव्हता. घरचे म्हणायचे खाली बघून चालत जा. खाली बघूनच चालत होतो हो!

याला डॉक्टर लोक क्रॉनिक अँकल इन्स्टॅबिलिटी म्हणतात, आपण म्हणतो घोटा सैल झालाय. खेळणाऱ्यांमध्ये हे इतकं कॉमन आहे की कुठल्याही कबड्डीच्या संघात विचारा, बास्केटबॉलवाल्यांना विचारा, दोन-तीन जण तरी पाय पुढे करून दाखवतील. डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी पहिल्यांदाच घोटा मुरगळलेल्या लोकांवर वर्षभर लक्ष ठेवलं, तर वर्षाच्या शेवटी त्यातल्या जवळजवळ ४० टक्के लोकांचा घोटा असाच अस्थिर झालेला होता. म्हणजे "काही नाही, नुसती लचक आहे" असं आपण जिला म्हणतो ती पाचातल्या दोघांना सोडतच नाही.

आधी आत काय होतं ते बघू. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला तीन लिगामेंट असतात, हाडाला हाड बांधून ठेवणाऱ्या पट्ट्या. त्यातली पुढची सगळ्यात कमजोर, आणि पाऊल आत वळून आपण बाहेरच्या कडेवर पडलो की पहिला ताण हिच्यावर, त्यामुळे बहुतेक वेळा ताणली किंवा फाटली जाते ती हीच. काही जणांमध्ये ती भरून येते पण लांब होऊन, जुन्या चड्डीच्या इलॅस्टिकसारखी, आणि सांधा खरोखरच सैल राहतो. पण गंमत अशी की कित्येकांचा सांधा डॉक्टरने हाताने ओढून बघितला तर व्यवस्थित घट्ट निघतो आणि तरी पाय दगा देतोच. एक्स-रे नॉर्मल, सूज नाही, दुखत नाही. मग बिघडलंय काय?

१९६५ साली मायकेल फ्रीमन नावाच्या ब्रिटिश सर्जनने यावर एक कल्पना मांडली. लिगामेंट ही नुसती दोरी नाही, तिच्यात बारीक नसा असतात, सांधा आत्ता कुठे आहे, किती वाकलाय, कुठे ताण येतोय याची बातमी त्या सतत वर पाठवत असतात. लिगामेंट फाटलं की या नसाही तुटतात, बातमी अर्धवट जाते आणि पायाला वेळेवर सावरता येत नाही. म्हणून त्याने पेशंटना डगमगणाऱ्या फळीवर उभं करायला सुरुवात केली. आज जिममध्ये कोपऱ्यात पडलेला वॉबल बोर्ड दिसतो ना, घोट्याच्या उपचारात त्याला मान मिळाला तो तिथून.

फ्रीमनचं सगळंच बरोबर निघालं असं नाही. पुढे डेन्मार्कमध्ये काही जणांनी धडधाकट लोकांच्या घोट्याच्या लिगामेंटला इंजेक्शन देऊन बधिर केलं आणि बघितलं, तर त्यांचा तोल फारसा ढळलाच नाही. स्नायू, कातडी, तळवा, सगळीकडून बातमी येतच होती. शिवाय एक पाय मुरगळलेल्या लोकांचा दुसऱ्या, चांगल्या पायावरचा तोलसुद्धा कमी झालेला सापडायला लागला. आता त्या बिचाऱ्या पायाला तर काहीच झालेलं नव्हतं. म्हणजे भानगड वर आहे, मेंदूत. एक तार तुटल्यावर मेंदू कामाची पद्धतच बदलतो, आणि लिगामेंट भरून आलं तरी ही बदललेली पद्धत तशीच राहते.

ती पद्धत कशी असते हेही डब्लिनलाच दिसलं. अस्थिर घोट्याचे लोक साधं चालताना बघितले, तर त्यांचं पाऊल जमिनीला टेकायच्या आधीच किंचित आत वळलेलं असतं आणि जमिनीपासून कमी उंचीवरून जातं. हे वाचलं आणि मला मांडवातली सतरंजी आठवली! खडा नव्हताच, माझं पाऊलच आधीपासून तिरकं येत होतं.

यात वेळेचा हिशोब फार महत्त्वाचा आहे. हाँगकाँगच्या एका लॅबमध्ये खेळाडूंच्या हालचाली हायस्पीड कॅमेऱ्याने टिपत होते आणि एका खेळाडूचा पाय तिथेच, कॅमेऱ्यासमोर, मुरगळला. दुखापत किरकोळ होती, पण शास्त्रज्ञांना लॉटरीच लागली, कारण मुद्दाम कोण कुणाचा पाय मोडून मोजणार? २००९ मध्ये ते छापून आलं. टाच टेकल्यापासून ०.२ सेकंदात घोटा ४८ अंश आत वळला होता. आता पोटरीच्या बाहेरच्या बाजूने पेरोनियल नावाचे स्नायू जातात, पाऊल आत वळायला लागलं की बाहेर खेचून धरायचं काम त्यांचं. त्यांना धोक्याची जाणीव होऊन, ते जागे होऊन, प्रत्यक्ष जोर लावेपर्यंत सेकंदाचा दहावा भाग सहज निघून जातो, तोवर पाऊल अर्ध्याहून जास्त वळलेलं असतं. चोर पळून गेल्यावर कुत्रं भुंकल्यासारखं. म्हणून नुसती रिफ्लेक्स सुधारून भागत नाही, पाऊल टेकायच्या आधीच स्नायू तयार असले पाहिजेत, पाऊल सरळ आलं पाहिजे, आणि हे मेंदूला सरावानेच शिकवावं लागतं. फिजिओ जे व्यायाम देतात त्यांच्यामागे हे कारण आहे, पण ते कुणी समजावून सांगत नाही आणि मग आपण चार दिवस करून सोडून देतो, कारण एका पायावर उभं राहणं हा काय व्यायाम आहे का असं वाटतं.

मला पण वाटलं होतं. फिजिओ मॅडमने पहिल्या दिवशी सांगितलं, बूट काढा, हात कमरेवर, उजव्या पायावर उभे राहा. राहिलो. म्हणाल्या, आता डोळे मिटा. चार सेकंदांत माझा हात भिंतीवर. अस्थिर घोट्याचे लोक तोल सांभाळायला डोळ्यांवर जास्त अवलंबून असतात हे अभ्यासांमधून दिसलंय, पायाकडून नीट खबर येत नाही म्हणून मेंदू डोळ्यांचं उसनं घेतो. बसल्या जागी ते चालून जातं, पण मॅचमध्ये डोळे बॉलवर असतात किंवा समोरच्या रेडरवर, पायावर नाही, आणि नेमका तिथेच घात होतो.

व्यायामाची सुरुवात मात्र तोलापासून होत नाही, आधी अडकलेला सांधा मोकळा करतात. वारंवार मुरगळलेल्या घोट्यात पाऊल वरच्या बाजूला वाकणं कमी होतं. घरीच बघा, भिंतीसमोर पाय ठेवायचा, टाच जमिनीला चिकटलेली ठेवून गुडघा भिंतीला लावायचा, मग पाऊल थोडं थोडं मागे सरकवत जायचं आणि अंगठा भिंतीपासून किती लांब असेपर्यंत गुडघा टेकतो ते मोजायचं. दोन्ही पायांत फरक आला तर हीच टेस्ट रोजचा व्यायाम म्हणून करायची, टाच न उचलता गुडघा पुढे-मागे. मग ताकद. थेराबँड, म्हणजे व्यायामाची लांब रबरी पट्टी, टेबलाच्या पायाला बांधून पाऊल बाहेर ढकलायचं, हा पेरोनियलसाठी. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहून टाचा वर-खाली, आधी दोन पायांवर मग एकावर. बोटं न मुडपता तळव्याची कमान उचलून धरायची, हा दिसायला अगदी फालतू आहे पण पहिल्यांदा करून बघा, तळव्यात गोळा येतो.

तोलाला पण पायऱ्या आहेत. फरशीवर ३० सेकंद जमलं की डोळे मिटून, मग फोम पॅडवर, नसेल तर गोधडीची जाड घडी चालते, मग उभं राहून बॉल झेलणं, म्हणजे लक्ष दुसरीकडे आणि पाय आपलं आपण बघतोय. खडूने जमिनीवर मर्सिडीजच्या लोगोसारख्या तीन रेघा काढायच्या, मध्ये एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाने प्रत्येक रेघेवर जमेल तितकं लांब टोक गाठून परत यायचं. ही तपासणीसुद्धा आहे. अमेरिकेतल्या शाळकरी बास्केटबॉल खेळाडूंच्या २००६ च्या अभ्यासात ज्यांच्या दोन पायांमध्ये पुढच्या रेघेवर ४ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक होता त्यांना पायाची दुखापत व्हायची शक्यता अडीच पट होती.

आणि मग येते लंगडी. हो, आपली लंगडीच. व्हर्जिनिया विद्यापीठात अस्थिर घोट्याच्या तरुणांना ४ आठवड्यांत १२ वेळा बोलावून जो व्यायाम दिला होता, त्याचा गाभा काय होता तर एका पायावर उडी मारायची आणि उतरल्यावर पुतळ्यासारखं स्थिर व्हायचं. दीड फूट, मग सव्वादोन फूट, मग तीन फूट. दुसरा पाय टेकला, कमरेवरचा हात सुटला की ती चूक, आणि चुका थांबल्याशिवाय पुढची पायरी नाही. शेवटी तर जमिनीवर नऊ आकडे, आणि पुढचा आकडा कुठला येणार हे आधी माहीत नाही, आला की तिकडे लंगडी. ठिकरीचा डावच झाला की हा! यात मुद्दा उडीचा नाही, उतरण्याचा आहे, हवेत असताना पाऊल सरळ करून स्नायू आधीच ताठ करायची सवय इथे लागते. चार आठवड्यांनी त्यांचा तोलही सुधारला आणि घोट्याबद्दलची त्यांची स्वतःची तक्रारही कमी झाली.

हे घरी एकट्याने करून उपयोग होतो का, तर होतो. नेदरलँड्समध्ये ५२२ खेळाडू घेतले, सगळ्यांचा घोटा नुकताच मुरगळलेला. अर्ध्यांना नेहमीचा उपचार, अर्ध्यांना त्यासोबत एक बॅलन्स बोर्ड, एक कागद आणि डीव्हीडी देऊन सांगितलं ८ आठवडे, आठवड्यातून तीनदा करा, वर कुणी बघायला नाही. वर्षभरात पहिल्या गटातल्या ३३ टक्के लोकांचा घोटा परत मुरगळला, दुसऱ्यातल्या २२ टक्के. २००९ ला ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलंय हे. जादू नाही, २२ टक्के तरी पडलेच, पण एक फळी आणि दर वेळचा अर्धा तास याच्या मानाने मला हे फार मोठं वाटतं.

आता बास्केटबॉलवाल्या स्टीफन करीचं सांगतो, कारण त्यातून एक वेगळीच गोष्ट कळते. आज सगळे त्याचे थ्री-पॉइंटर बघतात, पण एकेकाळी त्याच्या उजव्या घोट्यामुळे त्याचं करिअर संपतंय अशी चर्चा होती. २०११ मध्ये ऑपरेशन, २०१२ मध्ये परत ऑपरेशन, मधल्या सीझनच्या ६६ मॅचपैकी तो २६ खेळला. २०१३ ला संघात केके लाइल्स नावाचा ट्रेनर आला आणि त्याने लक्ष घातलं ते कंबरेत. कुल्ह्याचे स्नायू ढिले असले की शरीराचं वजन थांबवायचं, वळवायचं सगळं काम घोट्यावर पडतं, आणि तो बिचारा आधीच जायबंदी. करी पुढे ४०० पाउंड म्हणजे १८० किलोची डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचं वजन उचलून ताठ उभं राहणं, मारायला लागला, २०१५ आणि २०१६ ला लागोपाठ एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचा, सर्वोत्तम खेळाडू झाला. नुसत्या डेडलिफ्टने झालं असं मी म्हणणार नाही, तो घोट्याला ब्रेस, म्हणजे आधाराचा पट्टाही बांधायचा. पण अस्थिर घोट्याच्या लोकांमध्ये त्याच बाजूचे कुल्ह्याचे स्नायू कमजोर सापडतात हे अभ्यासातही दिसलंय. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणं, गुडघ्यांच्या वर बँड लावून खेकड्यासारखं आडवं चालणं, हे फिजिओ घोट्याच्या पेशंटला का करायला लावतात ते आता कळेल.

ब्रेस किंवा टेपिंगबद्दल लोक म्हणतात सवय लागेल, पाय आळशी होईल. आधी मुरगळलेल्या घोट्याला त्याने परत मुरगळण्यापासून खरंच संरक्षण मिळतं, तेव्हा मॅचला बिनधास्त बांधा, फक्त ती बांधली म्हणून व्यायाम टाळू नका. आणि ताजी दुखापत असेल, चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर मागच्या बाजूला दाबल्यावर जीव जात असेल तर आधी एक्स-रे, लंगडी-बिंगडी सगळं नंतर.

स्वतःचं किती बिघडलंय हे बघायला एक साधी प्रश्नावली पण आहे, कंबरलँड नावाची, ऑस्ट्रेलियात तयार झालेली, नऊ प्रश्न, ३० पैकी मार्क. २४ किंवा खाली आलात तर घोटा अस्थिर धरतात. मी पहिल्यांदा भरली तेव्हा १७ होते, तीन महिन्यांनी २३, म्हणजे अजून नापासच.

सध्या रोज सकाळी दात घासताना एका पायावर उभा राहतो, दोन मिनिटं उजवा, मग डावा. मुलगी दारात उभी राहून मोजते आणि मध्येच ओरडते, बाबा डोळे मिटा! डाव्या पायावर आता वीसपर्यंत जातो. उजव्यावर नऊ म्हटलं की बेसिन धरतो.