दुःख पत्करणे आणि ओढवून घेणे: ख्रिस्ती शिष्यत्वाची पार्श्वभूमी

ज्याला माझ्यामागे यायचे आहे त्याने आपला वधस्तंभ उचलून यावे, असे येशू म्हणाला तेव्हा ऐकणाऱ्यांना तो बोलण्यातला अलंकार वाटला नसणार. हेरोद राजाच्या मृत्यूनंतर उसळलेले बंड मोडताना रोमन सुभेदार वारसने सुमारे २००० माणसे वधस्तंभावर चढवली, अशी इतिहासकार योसेफसची नोंद आहे. शिष्यांच्या आईवडिलांनी ते दिवस काढले होते. म्हणूनच मार्ककृत शुभवर्तमानात येशूने स्वतःच्या दुःखसहनाचा विषय काढताच पेत्र त्याला बाजूला घेऊन दटावू लागतो. पुढे गेथशेमानेत येशूनेही आधी ‘हा प्याला माझ्यापासून दूर कर’ अशीच विनवणी केली आणि मग पित्याची इच्छा मान्य केली. दुःख वाट्याला आले तर पत्करायचे, पण मागून घ्यायचे नाही, ही तारेवरची कसरत तिथून सुरू होते.

सुरुवातीचे विश्वासणारे आपल्या पंथाला ‘मार्ग’ म्हणत. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात अब्राहाम आणि त्याच्या घराण्याला पृथ्वीवरचे ‘परके व प्रवासी’ म्हटले आहे. विश्वास म्हणजे यात्रा, ही कल्पना इथली.

छळाच्या काळात या कसरतीचा कस लागला. दुसऱ्या शतकाच्या आरंभी अंत्युखियाचा बिशप इग्नाशियस शिक्षेसाठी रोमला नेला जात असताना तिथल्या मंडळीला लिहितो की मला सोडवू नका, आत्ता कुठे मी शिष्य होऊ लागलो आहे. त्या पत्रातली मरणाची ओढ आजही वाचताना अस्वस्थ करते. त्यानंतर काही दशकांनी स्मर्नाचा वृद्ध बिशप पॉलिकार्प मात्र पाठलाग होताच शहराबाहेरच्या शेतावर जाऊन राहिला. शिपाई पोचले तेव्हा त्याने त्यांना जेवायला वाढायला सांगितले आणि प्रार्थनेसाठी तासभर मागून घेतला. प्रार्थना दोन तास चालली. मग तो त्यांच्याबरोबर गेला. पॉलिकार्पच्या हौतात्म्याच्या त्याच वृत्तांतात क्विंटस नावाचा एक जण आहे. तो आपणहून पुढे झाला, इतरांनाही त्याने पुढे ढकलले आणि रिंगणातली श्वापदे पाहून त्याचे अवसान गळाले. असे स्वतःला हवाली करणाऱ्यांची आम्ही वाखाणणी करत नाही, असे लिहिणारे स्पष्ट बजावतात.

३१३ मध्ये रोमन साम्राज्यात ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाल्यावर छळ ओसरला आणि खरी यात्रा सुरू झाली, म्हणजे पायांची. चौथ्या शतकात इजेरिया नावाची स्त्री पश्चिमेकडून थेट यरुशलेमला गेली आणि तिथली उपासना तिने बारकाईने लिहून ठेवली. पण निस्साचा बिशप ग्रेगरी तेव्हाच म्हणत होता की जागा बदलल्याने देव जवळ येत नाही. यरुशलेमात कृपा जास्त असती, तर तिथे पाप इतके बोकाळले नसते. ४१० मध्ये गॉथ टोळ्यांनी रोम लुटले तेव्हा भल्यांच्या वाट्याला हे का, या प्रश्नाला बिशप ऑगस्टिनने उत्तर दिले: एकाच आगीत सोने झळकते आणि भुसा धुमसतो. देवाचे नगर या जगात परदेशी प्रवाशासारखे राहते, ही त्याची मांडणी पुढे मध्ययुगभर पुरली.

मध्ययुगात यात्रा हा प्रायश्चित्ताचाही भाग झाला. १०९५ मध्ये पोप अर्बन दुसरा याने फ्रान्समधल्या क्लेरमाँला धर्मयुद्धाची हाक दिल्यावर तर वधस्तंभाचे चिन्ह कपड्यांवर शिवून लोक लढाईला निघाले. मूळ वाक्याची याहून मोठी उलटापालट मला तरी दिसत नाही. १५२० मध्ये जर्मन धर्मसुधारक ल्यूथरने रोमयात्रांवर टीका केली ती मात्र घरगुती मुद्द्यावर: माणूस यात्रेत पन्नास-शंभर गुल्डन नाणी उडवतो आणि घरी बायकोमुलांचे हाल होतात.

परवान्याशिवाय उपदेश केला म्हणून १६६० मध्ये तुरुंगात गेलेल्या इंग्रज उपदेशक जॉन बनियनला हा प्रश्न वेगळ्या रीतीने भिडला. उपदेश थांबवण्याचे वचन दिले असते तर तो सुटला असता. त्याने बारा वर्षे बुटांच्या नाड्या तयार करून संसाराला हातभार लावला. आंधळ्या मुलीची आठवण त्याला सर्वांत जास्त छळे. १६७८ मध्ये छापलेल्या त्याच्या रूपककथेतला यात्रेकरू पाठीवर ओझे घेऊन बायकोमुलांना सोडून निघतो. १६८४ च्या दुसऱ्या भागात बायको मुलांना घेऊन त्याच वाटेला लागते.

पेत्राच्या पहिल्या पत्रातला ख्रिस्ताच्या सहनशीलतेचा कित्ता गिरवण्याचा उपदेश घरच्या दासांना उद्देशून आहे आणि त्याचा गैरवापर पुढे मालकांनी पुरेपूर केला. अमेरिकेतल्या गुलामीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लसने १८४५ मध्ये लिहिले आहे की त्याचा मालक एका पंगू तरुणीला चाबकाने फोडून काढताना पवित्र शास्त्रातले वचन म्हणत असे. सहन कर, हे दुसऱ्याला सांगणे शिष्यत्वात कुठेच बसत नाही.

त्याच गुलामांच्या वंशजांची भक्तिगीते जर्मन पाळक डीट्रिश बोनहॉफरने १९३०-३१ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये ऐकली. त्यांच्या ध्वनिमुद्रिका तो जर्मनीला घेऊन गेला आणि फिंकनवाल्डच्या पाळक-प्रशिक्षण शाळेतल्या विद्यार्थ्यांना ऐकवत असे. १९३७ मध्ये, नाझी गुप्त पोलिसांनी, म्हणजे गेस्टापोने, ती शाळा बंद केली त्याच वर्षी, शिष्यत्वावरचे त्याचे पुस्तक निघाले. किंमत न मोजता मिळणाऱ्या ‘स्वस्त कृपे’वर त्याचा रोख होता. १९३९ मध्ये अमेरिकेत सुरक्षित राहता आले असते, तरी काही आठवड्यांत तो परतला. पण परतून तो नुसता सोसत बसला नाही, हिटलरविरोधी कटात सामील झाला. १९४३ मध्ये अटक झाली आणि ९ एप्रिल १९४५ ला फ्लॉसेनब्युर्गच्या छावणीत त्याला फाशी दिली गेली. तो रक्तसाक्षी की कटवाला, यावर ईश्वरविज्ञानाचे अभ्यासक अजून वाद घालतात.